रक्त थांबेपर्यंत

माझा थोरला भाऊ वर्षाचा झाला तेव्हा त्याचे कान टोचायला सोनाराला घरी बोलावलं होतं. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण आईच्या तोंडून ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे की मी तिथंच बसले होते असं वाटतं. सोनाराने दोन्ही कानांत तार घातली, पोरगं किंचाळलं, आईने त्याच्या तोंडात गुळाचा खडा दिला, बायका हसल्या. सगळं कुठल्याही घरात होतं तसं. दिवेलागणीला आईने त्याला कडेवर घेतलं तर अंगड्याचे दोन्ही खांदे ओले लागले. मग हळद दाबली, चुना लावला, कुणीतरी गोठ्यातलं कोळ्याचं जाळं काढून आणून चिकटवलं. रक्त काही धार लागल्यासारखं येत नव्हतं, पण थांबतही नव्हतं. दुसरा दिवस तसाच गेला. कधीतरी ते आपलं आपण थांबलं, तोवर पोरगं पांढरंफटक पडलं होतं. सोनार पुन्हा आमच्या वस्तीवर आला नाही. माझे कान पुढं बाजाराच्या दिवशी तळेगावात नेऊन टोचावे लागले.

आमची वस्ती तळेगाव ढमढेरेच्या शिवेला. आजोबांच्या काळात आमच्याकडे मेंढरं होती, पावसाळा सरला की कोकणात उतरायची. कालव्याचं पाणी आल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकून ऊस लावला आणि घर एका जागी थांबलं. दादा हा त्या थांबलेल्या घरातला पहिला मुलगा. तो रांगायला लागला तेव्हापासून त्याच्या अंगावर निळे डाग उठायचे. नडगीवर, कोपरावर, कधी नुसतं घट्ट उचलून घेतलं म्हणून काखेत. शेजारच्या एका बाईने आईला तोंडावर विचारलं होतं, "एवढ्या लेकराला मारतीस कशाला गं?" त्यानंतर आईने दादाला उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं झबलं घालायला सुरुवात केली.

माझ्या आठवणीतला दादा सुरू होतो तो गुडघ्यापासून. शाळेतून चालत आला, रात्री झोपला, सकाळी गुडघा फुगलेला. लाल नाही, जखम नाही, नुसता फुगलेला आणि हाताला गरम. पाय सरळ होत नसे. तो ओरडायचा नाही. उशीचं टोक दातात धरून भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. माझं काम एकच, त्याच्या पायाला कुणाचा धक्का लागू द्यायचा नाही. मी बाजेच्या कडेला बसून राहायचे आणि कोंबडी जरी जवळ आली तरी हुसकून लावायचे.

तेव्हा तळेगावात एक जीपवाले चाचा होते. त्यांची जीप शिक्रापूरपर्यंत माणसं भरभरून न्यायची. त्यांच्या सहज लक्षात आलं होतं की या पोराच्या गुडघ्याला बर्फाने बरं वाटतं, म्हणून बाजारातल्या रसवंतीवरून ते बर्फाचा तुकडा भुश्यात घालून, पोत्यात गुंडाळून आमच्या वस्तीवर आणून द्यायचे. आई पैसे द्यायला गेली की म्हणायचे, "राहू द्या वहिनी, रसवाल्यानं मला तरी कुठं इकत दिलाय?"

पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं तेही चाचांमुळेच. दादाचा पडायला आलेला दात पडला आणि तोंडातून रक्त येत राहिलं. गावातल्या डॉक्टरांनी हात टेकले. चाचांनी जीपमधली सगळी माणसं उतरवली आणि मागच्या बाकावर गादी टाकली. आई, आबा, दादा आणि घरी ठेवायला कुणी नाही म्हणून मी, असे आम्ही निघालो. चाचा एरवी गाडी अशी हाणायचे की माणसं दांड्याला लोंबकळायची. त्या दिवशी प्रत्येक खड्ड्याआधी ते जवळजवळ थांबायचे आणि मागं वळून विचारायचे, "लागलं का रे बाळा?" दादा तोंडात फडकं कोंबून नुसती मान हलवायचा.

दवाखान्यात बरेच दिवस गेले. दुसऱ्यांचं रक्त दादाला चढवलं, त्याचं रक्त तपासायला नेलं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी आई-आबांना समोर बसवून सांगितलं की याच्या रक्तात गोठायला लागणारी एक गोष्ट जन्मापासून कमी आहे. ती आयुष्यभर कमीच राहील. हा आजार आईकडून मुलाला येतो. आईला स्वतःला काही होत नाही.

आई खाली मान घालून ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "माझा भाऊ असाच गेला."

कुणाला काही कळेना. ती सांगत राहिली. तिचा पाठचा भाऊ बोरीवरून पडला होता. फार उंचावरूनही नाही. पोट फुगलं आणि तो गेला. सगळ्यांनी ठरवलं की देवीचा कोप झाला. तिच्या आईने पुढं आयुष्यभर देवीचे उपास केले, चपला घातल्या नाहीत, माझ्या हातून काय चुकलं म्हणत मेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुणाच्याही हातून काही चुकलेलं नव्हतं. तुमच्या आईच्याही नाही आणि तुमच्याही नाही."

आई तेव्हा रडली. मी घाबरून आबांकडे बघितलं. पण ती जी रडली ते दुःखाचं रडणं नव्हतं, हे मला मोठी झाल्यावर कळलं. इतकी वर्षं लोक तिला पोर मारणारी समजत होते, आणि तीही मनातून देवीला भीत होती. आता त्याला एक कारण मिळालं होतं. बरा न होणारा आजार मिळाला म्हणून सुटल्यासारखं वाटलेली बाई मी तेवढी एकच पाहिली.

घरी आल्यावर आबांनी पहिलं काम केलं ते हत्यारांचं. विळे, खुरपी, कोयता, कुऱ्हाड, आजोबांची मेंढरं कातरायची कात्री, सगळं एका पोत्यात भरून माळ्यावर टाकलं. रोज कामाला निघताना शिडी लावून काढायचं, संध्याकाळी पुन्हा वर. दादाला एकदाच सांगितलं, "ह्याला हात लावायचा न्हाई. कवाच न्हाई." शेतकऱ्याच्या घरातला पोरगा, पण त्याने विळा धरला नाही. उसात जायचं नाही, पाचट कापतं. बैलाजवळ जायचं नाही. विहिरीच्या कडेला जायचं नाही. गावातली पोरं त्याला काचेचं भांडं म्हणायची. तो हसायचा, आणि वेळ आली की त्यांची गणितं सोडवून द्यायचा.

दहावीनंतर उजवा गुडघा कायमचा अर्धवट वाकलेला राहिला. तो काठीने चालायचा. आबांना त्याची काळजी एकाच गोष्टीची होती. आपल्यामागं हा काय करणार? एकदा जेवताना ते आईला म्हणाले, "दुकान टाकून द्यावं का ह्याला?" दादाने ते ऐकलं.

"आबा, मला मातीतच काम करायचंय," तो म्हणाला.

"मातीत? आन् लागलं म्हंजी?"

"मऊ माती असल तर काय लागतंय?"

त्याने वाफे करायला लावले. माती चाळून घेतली, एकही खडा नको. त्यात टोमॅटोचं बी टाकलं आणि पोत्यावर पाय पुढं सोडून बसून एकेक वाफा स्वतः बघितला. रोपं आली, आबांनी ती आपल्याच रानात लावली. पुढल्या हंगामाला शेजाऱ्यांनी मागितली. पुढं वाफ्यांच्या जागी प्लॅस्टिकचे ट्रे आले, नारळाच्या काथ्याचा भुसा आला, वर हिरवी जाळी आली. टोमॅटो, मिरची, फ्लॉवर. शिरूर तालुक्यातून तर यायचेच, पण नदीपलीकडून दौंडकडचेही टेम्पो यायला लागले. दादा कमरेएवढ्या उंच मांडणीवर ट्रे ठेवायचा आणि स्टुलावर बसून काम करायचा. तिथं धारेची एकही वस्तू नव्हती. दुखणं यायचंच, महिन्याला एखादा गुडघा, एखादा घोटा, एखादं कोपर. तो चार दिवस पडून राहायचा आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसायचा.

माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. भांडगावचं स्थळ होतं. हायवेला लागून शेती, घरची माणसं शांत. बैठकीत सगळं जमल्यासारखं दिसत होतं. आमच्या नात्यातले एक काका आबांच्या कानाशी लागून म्हणाले, "पोराचं आजारपण काढू नका. पोरगी धडधाकट हाय, कशाला उगं?"

दादा काठी टेकत उठला आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांसमोर जाऊन उभा राहिला.

"आप्पा, एक सांगायचंय. माझा पाय पडून वाकडा झालेला न्हाई. माझं रक्त गोठत न्हाई. हे आईकडनं पोरात येतं. माझ्या बहिणीला काय होणार न्हाई, पण तिला पोरगा झाला तर तो माझ्यासारखा निघू शकतो. निघंलच असं न्हाई. पण निघू शकतो."

मी आतल्या दारामागं उभी होते. काकांनी कपाळाला हात लावला. आबा जमिनीकडे बघत होते.

आप्पांनी दादाला बसायला सांगितलं. "तू काय काम करतूस?"

"रोपं करतो. भाजीची."

"पोट भरतं?"

"व्हय."

"मग झालं की," आप्पा म्हणाले. "आमचा नातू तुझ्यासारखा निघाला तर तुझ्याकडं पाठवू. कसं सांभाळायचं ते तुझ्याबिगर कोण सांगणार?"

माझं लग्न झालं. मी चौफुल्याजवळच्या त्या गावात नांदायला गेले आणि माहेर पारगावच्या पुलापलीकडं गेलं.

पहिली मुलगी झाली. सगळ्यांनी तोंडं गोड केली, आणि मी खरं सांगते, मला सगळ्यांपेक्षा जास्त आनंद झाला. तीन वर्षांनी मुलगा झाला. घरी आणल्यावर नाळ पडायची वाट बघत मी जागी राहायचे. ती पडली, काही झालं नाही. पण दादाच्या वेळीही काही झालं नव्हतं, असं आई म्हणायची. रक्त तपासून घे म्हणून दादाने सांगितलं होतं. माझ्या नवऱ्यानेही दोनदा विषय काढला. मी आज-उद्या करत राहिले. मला कागदावर ते वाचायचं नव्हतं. रोज अंघोळ घालताना मी त्याचं अंग उजेडाकडे वळवून बघायचे. एकदा मांडीवर निळसर दिसलं आणि माझ्या हातातला तांब्या खाली पडला. ती त्याच्या बहिणीच्या खडूची निळी होती.

तो चालायला लागला त्या उन्हाळ्यात दादा आमच्याकडे आला होता. सकाळची वेळ. दादा ओट्यावर खुर्चीत चहा पीत होता, मी आत भाकरी थापत होते. धप्प असा आवाज आला आणि मग रडणं. मी पिठाच्या हातांनी बाहेर धावले. पोरगं पायरीवर तोंडावर पडलं होतं. ओठ फाटला होता. हनुवटीवरून, गळ्यावरून रक्त वाहत होतं.

मी त्याला उचललंच नाही. उभी राहिले. मला वाटलं, आलं. जे यायचं होतं ते आलं.

दादा खुर्चीतून उठला कसा, काठी न घेता खाली बसला कसा, मला माहीत नाही. त्याने पोराला मांडीवर घेतलं, खांद्यावरचा पंचा ओठावर दाबला आणि मला म्हणाला, "बर्फ आन. आन् गाडी काढायला सांग."

मी नवऱ्याला हाक मारली. ते गाडीची किल्ली शोधायला लागले. मी फ्रिजमधून बर्फ आणला. दादाने पंचा उचलून ओठाकडे बघितलं, पुन्हा दाबला. पुन्हा उचलला. माझ्याने बघवत नव्हतं. मी दादाच्या तोंडाकडे बघत होते.

गाडी दारात आली. नवरा म्हणाले, "चला, बसा."

"थांबा जरा," दादा म्हणाला.

त्याने पंचा बाजूला केला आणि तो तसाच धरून राहिला. पोरगं हुंदके देत होतं. मग हुंदकेही थांबले आणि ते दादाच्या शर्टाचं बटण ओढायला लागलं.

"थांबलं," दादा म्हणाला.

"नीट बघ दादा."

"अगं थांबलं. हे बघ की. थांबलंय!" त्याचा आवाज फुटला. मी त्याला गुडघा फुगलेला असताना रडताना पाहिलं नव्हतं. त्या पायरीवर तो माझं पोरगं छातीशी धरून मोठमोठ्याने रडत होता आणि मधेच हसत होता. आप्पा रानातून धावत आले ते रक्ताचा पंचा आणि रडणारा दादा बघून जागीच थबकले. नवऱ्याने त्यांना सांगितलं. आप्पा ओट्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, "च्या टाक गं पोरी. सगळ्यांना टाक."

नंतर तपासणीही केली, दादाच्याच हट्टाने. पोरगं साफ निघालं. पण माझ्यासाठी ते त्या पायरीवरच ठरलं होतं.

दादाचंही लग्न झालं, जरा उशिरा. वहिनी त्याच्या रोपवाटिकेतच कामाला यायच्या; त्यांनी त्याला बऱ्या-वाईट सगळ्या दिवसांत बघितलेलं होतं, त्यामुळे त्यांना काही सांगायची वेळच आली नाही. त्यांना मुलगा झाला. बापाकडून मुलाला हा आजार जात नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी आई नातवाच्या पायाशी दिवा लावून बसली होती. हळूहळू औषधंही सुधारली. पूर्वी दुसऱ्याचं रक्त चढवायचे, मग नुसती कमी असलेली गोष्ट इंजेक्शनने द्यायला लागले, मग ते सरकारी दवाखान्यात मिळायला लागलं. वहिनींनी शीर शोधून टोचायला शिकून घेतलं. चाचांची जीप तोवर भंगारात गेली होती. ते थकले होते, पण दादा दवाखान्यातून आला की नातवाच्या मोटरसायकलवर मागं बसून भेटायला यायचे.

दादाने पन्नाशी ओलांडली तेव्हा नवीन इंजेक्शन आलं. पोटाच्या कातडीखाली घ्यायचं, ठरावीक दिवसांनी. शीर शोधायची भानगड नाही. ते सुरू झालं आणि सांध्यांतलं रक्त येणं जवळजवळ बंद झालं. वाकलेला गुडघा वाकलेलाच राहिला, पण रात्रीची दुखणी थांबली. फोनवर त्याचा आवाजसुद्धा बदलला होता.

त्या वर्षी भाऊबिजेला मी माहेरी गेले होते. आई नव्हती आता. आबा ऐंशीच्या पुढं गेलेले, ओसरीवर बसून असायचे. गोठ्यातली म्हैस हंबरत होती, घास आणायचा राहिला होता. वहिनी विळा घेऊन निघाल्या तर दादा म्हणाला, "आन इकडं."

"काय?"

"विळा. मी कापतो."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी आबांकडे. आबांना कमी ऐकू यायचं, पण हे त्यांना ऐकू गेलं. "डाक्टरांना इच्यारलंय का?" त्यांनी विचारलं.

"इच्यारलंय, आबा. जपून कापा म्हणाले."

आबांनी हात पुढं केला, वहिनींनी त्यांना उठवलं. आम्ही सगळे घराशेजारच्या घासाच्या तुकड्यात गेलो. दादा लाकडी पाटावर पाय पुढं सोडून बसला आणि त्याने विळा धरला. असा धरला की वहिनी तोंडावर पदर घेऊन हसायला लागल्या.

"आरं मूठ उलटी फिरव," आबा म्हणाले. "डाव्या हातानं पेंढी धर, आंगठा आत घे. आत! वढायचं आपल्याकडं, मारायचं न्हाई."

दादाने ओढलं. चार काड्या कापल्या, बाकीच्या वाकल्या.

"शेरडानं खाल्ल्यावानी करतंय," आबा म्हणाले. मग त्यांनी खाली बसून, दादाच्या हातावर हात ठेवून पहिली पेंढी कापून दाखवली. दादाला मग जमायला लागलं. फार हळू, फार वाकडंतिकडं, पण त्याने म्हशीपुरता घास कापला. बोटाला काही झालं नाही. आबा शेवटपर्यंत तिथंच बसून होते. उठताना ते वहिनींना म्हणाले, "आता ती हत्यारं माळ्यावर नका टाकू. खालीच राहू द्या." खरं तर ती कितीतरी वर्षांपासून खालीच होती. कुणी त्यांना तसं सांगितलं नाही.

आबा पुढच्या उन्हाळ्यात गेले, वय झालं म्हणून. त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने एका दुपारी वहिनींचा फोन आला. मी पोहोचले तेव्हा दादाला दवाखान्यातून घरी आणलेलं होतं. अंगावर चादर होती. मी वहिनींना पहिला प्रश्न विचारला तो एकाच शब्दाचा.

"रक्त?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "हार्ट म्हणाले डॉक्टर. च्या पीत बसले होते, ट्रे भरून झाले होते. मान टेकली. मला वाटलं डुलकी लागली."

मी चादर बाजूला करून बघितलं. कुठंही डाग नव्हता. आयुष्यभर आम्ही ज्याला भ्यालो ते आलंच नव्हतं. त्याच्या वयाच्या कुठल्याही शेतकऱ्याला येतं तसं मरण त्याला आलं होतं. आणि आई-आबांना ते बघावं लागलं नव्हतं. मी खूप रडले, पण रडताना माझ्या छातीवरून काहीतरी उतरत होतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. वहिनींना सांगितलं ते दहाव्यानंतर. त्या म्हणाल्या, "मला बी तसंच झालं. मी म्हणलं माझंच काय चुकतंय का काय."

आम्ही दोघी मग ओसरीवर बसून चहा प्यायलो.

परत येताना माझा मुलगा गाडी चालवत होता. पारगावचा पूल आला, नदीत पाणी बरं होतं. त्याने विचारलं, "आई, फोन वाजतोय का तुझा?" वाजत नव्हता. इतकी वर्षं माझा फोन कायम हातात असायचा, रात्री उशाशी, भाकरी करताना चुलीशेजारी. माहेरचं नाव दिसलं की हातातलं काम टाकून मी तो उचलायचे. मी तो पर्समध्ये टाकला, खिडकीला डोकं टेकलं. चौफुला कधी गेला, भांडगाव कधी आलं, मला कळलं नाही. गाडी दारात उभी करून तो बराच वेळ तसाच बसून होता म्हणे. मला उठवावंसं त्याला वाटलं नाही.